देवमाशाच्या लाल रक्तातलं तांबं

कमाटीबागेतल्या म्युझियमचा देवमासा न पाहिलेला बडोदेकर सापडणं कठीण. महीच्या मुखाशी वाहून आलेला हा निळा देवमासा सुमारे 22 मीटर लांब. आता नुसता सांगाडा. एवढ्या धुडात रक्त किती असेल, हा मुलांचा ठरलेला प्रश्न. रक्त आपल्यासारखंच लाल. त्यातलं एक प्रथिन मात्र खरोखर निळं, तेही तांब्यामुळे.

तांब्याचं रक्त म्हटलं की ऑक्टोपस आठवतो. त्याच्या रक्तातल्या हिमोसायनिन या प्रथिनात तांब्याचे दोन अणू मिळून ऑक्सिजनचा एक रेणू धरतात. देवमासे, डॉल्फिन, सील पडले सस्तन. त्यांचा ऑक्सिजन वाहतं लोहाचं हिमोग्लोबिन आणि स्नायूंत साठवतं लोहाचंच मायोग्लोबिन. स्पर्म व्हेलचं मांस त्यापायी जवळजवळ काळं दिसतं. जॉन केंड्र्यूने 1958 मध्ये प्रथिनाची पहिली त्रिमितीय रचना मांडली, ती याच मायोग्लोबिनची.

मग तांब्याचं काम काय? लोहाची ने-आण! म्हाताऱ्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यांतलं लोह फेरस रूपात रक्तात परततं. यातून आणखी एक इलेक्ट्रॉन गेला की ते फेरिक होतं. ते नव्या पेशी घडवणाऱ्या अस्थिमज्जेपर्यंत नेणारं ट्रान्सफेरिन भारी चोखंदळ, फेरिक लोहच उचलतं. हा बदल घडवतं यकृतात बनणारं सेरुलोप्लास्मिन, म्हणजे तेच निळं प्रथिन. होल्मबर्ग आणि लॉरेल या स्वीडिश संशोधकांनी ते 1948 मध्ये वेगळं केलं. त्याच्या रेणूत तांब्याचे सहा अणू असतात. ते चार लोह अणूंकडून एकेक इलेक्ट्रॉन काढून घेतात आणि चारही एकदम ऑक्सिजनला देऊन त्याचं पाणी करतात. इलेक्ट्रॉन सुटे सुटे दिले असते तर ऑक्सिजनची अर्धवट, घातक रूपं रक्तात मोकाट सुटली असती. मला या प्रथिनाची खरी करामत इथे वाटते.

माणसात लिटरभर रक्तद्रवात ते जेमतेम 200 ते 400 मिलिग्रॅम असतं. गरोदरपणात वाढतं, तेव्हा लॅबमधल्या नळीत वर राहिलेला पिवळसर द्रव कधी कधी चक्क हिरवट दिसतो. जन्मतःच ते नसेल तर यकृतात आणि मेंदूत लोह साचत जातं, आणि तरीही रक्त फिकंच!

सस्तनांच्या दुधात तांबं तसं कमीच. म्हणून पिल्लू पोटात असतानाच यकृतात साठा करून घेतं. सील आणि डॉल्फिनच्या नवजात पिल्लांच्या यकृतात तांबं मोठ्यांपेक्षा जास्त आढळतं ते त्यामुळेच.