दूर्वा

दूर्वा : तृणकुलातील, जमिनीलगत पसरणारे बहुवर्षायू गवत. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. देवघरात दूर्वा म्हणतात तीच वनस्पती शेतात हरळी होते. हिंदीत दूब, कानडीत गरिके. लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिचा समावेश पॅनिकम प्रजातीत केला होता; सध्याचे नाव परसून यांनी १८०५ मध्ये दिले. मूलस्थान बहुधा आफ्रिका असावे, पण भारतात ती वेदकाळापासून परिचित आहे.

खोड दोन प्रकारचे असते : जमिनीवर सरपटणारे धावते खोड आणि जमिनीखालची काशी. दोन्हींना पेऱ्यापेऱ्यावर मुळे व अंकुर फुटतात. काही कांडी अतिशय आखूड राहत असल्याने पाने जोडीजोडीने आल्यासारखी दिसतात. शेंड्याची मिटलेली कोवळी पात आणि तिच्या खालची जोडी मिळून त्रिदल होते, आणखी एक जोडी धरली की पंचदल. पूजेतील दूर्वेची पाती विषम संख्येत असावीत हा नियम या रचनेशी सहज जुळतो. फुलोरा हाताच्या बोटांसारखा, साधारण तीन ते सहा कणसांचा असतो.

पावित्र्याचा उगम : दूर्वेचे माहात्म्य आज गणपतीशी जोडलेले असले, तरी ते गणेशोपासनेहून बरेच जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तिचे उल्लेख आहेत. अंत्यसंस्काराच्या सूक्तात (१०.१६) दहनभूमीवर पाकदूर्वा उगवो असे म्हटले आहे, तर अग्निसूक्तात (१०.१४२) अग्नीच्या येण्याजाण्याच्या वाटेवर फुललेल्या दूर्वा वाढोत अशी प्रार्थना आहे. वाजसनेयी संहितेतील (१३.२०) ‘काण्डात्काण्डात्प्ररोहन्ती’ या मंत्रात कांड्याकांड्यातून, पेऱ्यापेऱ्यातून उगवणाऱ्या दूर्वेकडे शतगुण, सहस्रगुण विस्तार मागितला आहे. हा मंत्र अग्निचयनात (यज्ञाची वेदी विटांनी रचण्याच्या विधीत) दूर्वेष्टका, म्हणजे विटेच्या जागी दूर्वा, ठेवताना येतो. शतपथ ब्राह्मण (७.४.२) नावाची व्युत्पत्ती ‘धूर्व्’ म्हणजे इजा करणे या धातूपासून लावते आणि दूर्वा प्रजापतीच्या केसांपासून झाली असे सांगते. भाषाशास्त्रदृष्ट्या ही व्युत्पत्ती ग्राह्य धरण्याचे कारण नाही. परंतु केसांशी असलेले साम्य पुराणांतही टिकले. भविष्यपुराणाच्या परंपरेत समुद्रमंथनाच्या वेळी विष्णूच्या अंगावरचे केस गळून त्यांच्या दूर्वा झाल्या.

अनलासुराला गिळल्याने गणेशाच्या अंगाचा दाह झाला आणि अठ्ठ्याऐंशी हजार ऋषींनी प्रत्येकी एकवीस दूर्वा वाहिल्यावर तो शमला, ही कथा गणेशपुराणातील आहे. या पुराणाचा काळ साधारणतः अकरावे ते चौदावे शतक असा मानतात. दूर्वा शीत हा वैद्यकाचा सिद्धांत त्याआधीचा असल्याने कथा त्यावर बेतली गेली, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. अथर्वशीर्षाच्या फलश्रुतीतही दूर्वांकुरांनी यजन करणारा कुबेरासारखा होतो असे वचन आहे.

पूजाविधी : पार्थिव गणेशपूजेत गणाधिप, उमापुत्र, अघनाशन आदी दहा नावांनी प्रत्येकी दोन दूर्वा वाहतात आणि उरलेली एक दहाही नावे एकत्र उच्चारून वाहतात, एकवीस ही संख्या अशी भरते. घरोघरी मात्र एकवीस दूर्वांची जुडी एकदम वाहण्याचीच पद्धत जास्त. दूर्वा कोवळी, न फुललेली घ्यावी. ऋग्वेदातील दूर्वा मात्र ‘पुष्पिणी’ आहे. अग्रे पूजकाकडे आणि देठ देवाकडे असावेत असे वचन आहे. गणपतीला तुळस आणि दुर्गेला दूर्वा वर्ज्य. भाद्रपद शुद्ध अष्टमीस संततीसाठी दूर्वाष्टमीचे व्रत करतात; अगस्त्योदयानंतर (अगस्त्य तारा दिसू लागल्यावर) ते करू नये असा निर्णय आहे.

अनवलोभन या गर्भरक्षणाच्या संस्कारात गर्भिणीच्या उजव्या नाकपुडीत वनस्पतीचा रस पिळतात. आश्वलायन गृह्यसूत्र (१.१३) न कोमेजलेली ओषधी एवढेच म्हणते, टीकाकार व निबंधकार (धर्मशास्त्रावरील संकलनग्रंथांचे कर्ते) दूर्वा घेतात.

औषधी उपयोग : आयुर्वेदानुसार दूर्वेचा रस (चव) कषाय (तुरट) व मधुर, वीर्य (औषधी प्रभाव) शीत, कफपित्तशामक. चरकसंहितेच्या रक्तपित्त (रक्तस्रावाचा विकार) प्रकरणात नाकातून रक्त येत असता दूर्वास्वरसाचे (ताज्या पिळलेल्या रसाचे) नस्य, म्हणजे नाकात थेंब सोडणे, सांगितले आहे. चरकाच्या वर्ण्य (कांती उजळणाऱ्या औषधांच्या) गणातील ‘सिता’ व ‘लता’ म्हणजे पांढरी व हिरवी दूर्वा असे सामान्यतः मानतात. भावप्रकाशात नील, श्वेत व गंड असे तीन भेद आहेत. श्वेत दूर्वा ही स्वतंत्र जाती की सावलीत फिकी पडलेली हरळीच, याबद्दल एकवाक्यता नाही. दुसरे मत निरीक्षणाशी अधिक जुळते.

स्वरसाची प्रचलित मात्रा १० ते २० मिलि. कोवळे शेंडे दोनतीन पाण्यांतून धुऊन, थोडे पाणी शिंपडून खलात कुटावेत आणि फडक्यातून पिळावेत. जून काड्या घेतल्या तर चोथाच फार निघतो, रस नाही. रस त्याच दिवशी वापरावा. नाकातून वारंवार रक्त येत असेल तर नस्यावर न थांबता कारण तपासून घ्यावे. गवताच्या परागकणांची अ‍ॅलर्जी अनेकांना असते. अशांनी फुललेल्या हरळीपासून दूर राहावे.

बाजारातील जुड्यांत इतर गवते मिसळलेली आढळतात. पाते खोडापासून हलके मागे ओढून पाहावे : पाते व आवरक (खोडाला वेढणारा पानाचा भाग) जुळतात तिथे हरळीला बारीक पांढऱ्या केसांची कडा असते. बंगल्यांपुढची हिरवळ पुष्कळदा वेगळ्याच गवताची असते आणि तिच्यावर तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेले असण्याची शक्यता असल्याने औषधासाठी ती घेऊ नये.

शेतात हरळी हे चिवट तण आहे. काळ्या जमिनीत काश्या खोल जातात. रोटाव्हेटर फिरवला की त्यांचे तुकडे रानभर पसरतात आणि पेरे असलेला प्रत्येक तुकडा फुटतो. म्हणून उन्हाळ्यात खोल नांगरट करून काश्या वेचाव्या व वाळवून जाळाव्या लागतात.