595 कॅचवाला आत, 920 वाला बाहेर

2025 साली स्टर्लिंग शार्पला ओहायोतल्या कँटनच्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, घेतलं. ग्रीन बे पॅकर्स टीमचा हा रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल धावत जाऊन पकडणारा गडी, मानेच्या दुखापतीमुळे सातच सीझन खेळला. कॅच 595, आणि त्यांतून टीमला मिळवून दिलेलं अंतर 8,134 यार्ड. त्याच वर्षी फायनलिस्ट असलेला टॉरी हॉल्ट मात्र बाहेरच राहिला, आणि त्याच्या नावावर आहेत 920 कॅच, 13,382 यार्ड. दोघांची मतदानाची रांग वेगळी होती हे खरं, पण आकडे बघून कोणालाही वाटणार की हा काय न्याय!

गडबड अशी की नुसते आकडे वेगवेगळ्या काळात एकाच भावाने चालत नाहीत. 1978 ला एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगने नियम बदलला, डिफेंडरला पहिल्या 5 यार्डांच्या पुढे रिसीव्हरला धक्काबुक्की करायला बंदी आली, बॉल फेकणं सोपं झालं, वर त्याच वर्षी सीझन 14 मॅचवरून 16 वर गेला आणि 2021 पासून 17 वर. तरी टीव्हीवर आजही ‘हजार यार्डांचा सीझन’ म्हणून ढोल वाजतात. 14 मॅचमध्ये हजार म्हणजे मॅचला 71 च्या वर, 17 मध्ये 59 सुद्धा नाही. गोल आकड्याची ही भक्ती आणि गाडीचा नंबर 9 च पाहिजे म्हणून जादा पैसे मोजणं, मला तरी फार फरक दिसत नाही.

मग मोजायचं कसं? इथे माझा लाडका झेड-स्कोअर. खेळाडूच्या आकड्यातून त्या वर्षाची सरासरी वजा करा आणि उरलेल्याला स्टँडर्ड डेव्हिएशनने भागा, म्हणजे बाकीचे लोक सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्याने. समजा एका काळात सरासरी 20 कॅच, फैलाव 10, आणि एकाने 50 घेतले, तर स्कोअर 3. दुसऱ्या काळात सरासरी 60, फैलाव 25, आणि कोणी 110 घेतले, तर स्कोअर 2. म्हणजे 50 वाला भारी. ब्रॅडमनची 99.94 सरासरी आपल्याला वेडं करते ती याचमुळे, बाकीचे दिग्गज साठच्या आसपास घुटमळतात आणि हा एकटाच कुठेतरी लांब.

फुटबॉलमधला तसा माणूस म्हणजे रिसीव्हर डॉन हटसन. 1942 ला 11 मॅचमध्ये 74 कॅच, 1,211 यार्ड, 17 टचडाऊन (म्हणजे बॉल समोरच्या टीमच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून गुण मिळवणं), आणि कॅचमध्ये दुसऱ्या नंबरवाल्याकडे किती? 27! आता खरी गंमत, हटसनला गणितात धरलं की तो एकटाच फैलाव इतका फुगवतो की त्याचा स्वतःचाच स्कोअर खाली येतो, त्यामुळे त्याला बाजूला काढून बाकीच्यांचा फैलाव काढायचा आणि मग त्याला त्या पट्टीने मोजायचं. शिवाय अशा वाटण्या घंटेच्या आकाराच्या नसतात, उजवीकडे लांब शेपूट असते, त्यामुळे ‘स्कोअर 4 म्हणजे तीस हजारांत एक’ हे पुस्तकी गणित इथे लागू पडत नाही, कोणी तसं छातीठोकपणे सांगितलं तर सोडून द्या.

आणि झेड-स्कोअर फक्त समोर कोण होतं त्यांच्याशीच तुलना करतो, ते कितपत तगडे होते ते त्याला कळत नाही. 1942 ला कित्येक खेळाडू महायुद्धावर गेले होते, पुढच्या वर्षी तर माणसं कमी पडली म्हणून पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फियाला एकच टीम उतरवावी लागली. त्यातून 1934 ते 1945 या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तरीही हटसनचा कारकिर्दीतल्या 99 टचडाऊनचा विक्रम 1989 पर्यंत टिकला हे विसरून चालणार नाही.

क्वार्टरबॅकचा वाटा वेगळा काढणं तर महाकठीण. जेरी राईस या रिसीव्हरला क्वार्टरबॅक मिळाले माँटाना आणि यंग, दोघेही हॉल ऑफ फेमवाले, त्यामुळे 22,895 यार्डांतले त्याचे किती आणि त्यांचे किती हे कुठलंही मॉडेल नीट सांगू शकत नाही, मग त्याला एआयचं लेबल लावा की आणखी कसलं.

आता उरतो तो गणिताबाहेरचा प्रश्न. दरवर्षीचे स्कोअर बेरीज केले तर 20 सीझन खेळलेला राईस सगळ्यांच्या पुढे, सरासरी काढली तर कमी खेळलेले वर येतात. बेरीज की सरासरी, हे मत देणाऱ्यांनीच ठरवायचं, आणि निवड व्हायला 80 टक्के मतं लागतात. माझं मत शार्पला, कारण 1992 ला कॅच, यार्ड आणि टचडाऊन तिन्हीत तो लीगमध्ये पहिला होता आणि पहिला नंबर कुठल्याही काळात पहिलाच असतो. पण म्हणून हॉल्टला बाहेर ठेवायचं कारण मला दिसत नाही.