बापाच्या तबकड्या, पोरांचा ठेका

१९६७ साली टॉम स्कॉट या पोरगेल्या सॅक्सोफोनवादकाची एक रेकॉर्ड निघाली. कंपनी 'इम्पल्स', म्हणजे थोर जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन ज्या कंपनीसाठी वाजवायचा ती. पण ही तबकडी काही कोल्ट्रेनच्या वाटेची नव्हती. त्याच वर्षी आलेलं जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडचं 'टुडे' हे हळवं गाणं तिच्यात जॅझच्या अंगाने वाजवलं होतं. मागे गायकांचा जथा, आणि मधूनच वर चढून विरून जाणारा सॅक्सोफोन. रेकॉर्ड आली नि गेली. पंचवीस वर्षांनी, १९९२ मध्ये, त्यातला एक तुकडा रॅपच्या गाण्यात परतला. हिप हॉपच्या जुन्या श्रोत्यांना आज त्याचे पहिले चार सूर ऐकवले तरी पुरतात. बोलता माणूस गप्प होतो.

ते गाणं म्हणजे निर्माता पीट रॉक आणि रॅपर सी. एल. स्मूथ यांचं 'दे रेमिनिस ओव्हर यू'. इंग्रजीतली चार आद्याक्षरं जोडली की नाव होतं ट्रॉय. ट्रॉय डिक्सन हा हेवी डी अँड द बॉइझ या गटातला नर्तक. जुलै १९९० मध्ये दौऱ्यावर असताना इंडियानापोलिसला उंचावरून पडून तो गेला, तेव्हा बावीस वर्षांचा होता. न्यूयॉर्कला खेटून असलेल्या माउंट व्हर्नन गावचीच ही सगळी मुलं, एकमेकांच्या घरात वाढलेली. मित्र गेल्याच्या उदासीतच आपण हे गाणं बांधलं, असं पीट रॉकने पुढे सांगितलं आहे.

गाण्याची खरी गंमत (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) अशी की त्यात ट्रॉयबद्दल फारसं काही नाहीच. स्मूथ सांगत बसतो ते आपल्या घराबद्दल. आपण जन्मलो तेव्हा आई अठरा वर्षांची होती. आजोबा त्या दिवशी न पिता आले होते. सख्ख्या बापाने पाहिलं नाही, पण घरातल्याच दुसऱ्या एका माणसाने पोरवयातून हात धरून माणसात आणलं. मित्राच्या शोकात तो कुळाची उजळणी करतो, आणि मागे वाजतोय तो सूर ही सगळी माणसं तरुण असतानाचा. श्रोत्याला हे हिशेब माहीत असावे लागत नाहीत. सुरात ते आपसूक ऐकू येतात.

जॅझचं बोट धरलेल्या हिप हॉपची ओढ तीस-पस्तीस वर्षांनंतरही का टिकून आहे, याचं माझ्यापुरतं उत्तर या एका गाण्यात आहे. ही गाणी नवी होती तेव्हाच आठवणींची बनलेली होती.

हिप हॉपचा जन्म सांगताना ११ ऑगस्ट १९७३ ही तारीख आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीतली डीजे कूल हर्कची पार्टी सांगायची रीत आहे. वस्त्यांच्या पोटातून नेलेला महामार्ग, जळणाऱ्या इमारती, १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहराचं दिवाळं वाजायची वेळ, शाळांमधून कमी केलेले शिक्षक, त्यांत संगीताचेही: हा इतिहास बऱ्याच वेळा सांगून झाला आहे. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की पहिल्या दहा-बारा वर्षांत या संगीताला जॅझची गरज नव्हती. नाचायला फंक आणि डिस्को पुरत होतं. ज्या मुलांच्या हाती ट्रम्पेट आलं नाही त्यांच्या घरात ट्रम्पेटच्या रेकॉर्डी मात्र होत्या, कपाटात, बापाच्या मालकीच्या, हात न लावण्याच्या बोलीवर.

त्या बाहेर निघाल्या त्याला एक यंत्र कारण झालं. १९८७ साली ई-म्यू कंपनीने एसपी-१२०० नावाचं सॅम्पलर बाजारात आणलं. रेकॉर्डवरचा आवाज त्यात साठवायचा, कापायचा आणि बोटांनी बटणांवर वाजवायचा. साठवणीची एकूण ऐपत जेमतेम दहा सेकंद. मग मुलांनी युक्ती काढली: मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची रेकॉर्ड पंचेचाळीसवर फिरवून भरायची, म्हणजे जागा कमी लागते, आणि आत गेल्यावर तिला पुन्हा संथ करायचं. या उलटसुलट प्रवासात आवाज खरबरीत होतो, कडा झिजतात. त्यात बारीक स्वर छाटून नुसता खर्ज ठेवला, की शेजारच्या खोलीत कुणीतरी दार लोटून रेकॉर्ड लावली आहे असं वाटतं. ज्याला आज लोक 'उबदार' आवाज म्हणतात तो जन्मला काटकसरीतून. त्याच सुमाराला सीडी आल्यामुळे जुन्या तबकड्या कवडीमोलाने विकायला निघाल्या होत्या. धुळीने बरबटलेल्या खोक्यांत हात घालून दिवसचे दिवस काढणारी एक जमातच तयार झाली.

थोरल्यांना हे रुचलं नाही. जेम्स एम्टुमे हा वादक स्वतः जॅझच्या घरातला; सॅक्सोफोनवादक जिमी हीथ हे त्याचे वडील, आणि सत्तरच्या दशकात तो ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ताफ्यात तालवाद्यं वाजवायचा. सॅम्पलिंगवर त्याने रेडिओवरून टीका केली. उत्तर म्हणून ब्रुकलिनच्या स्टेट्सासॉनिक या गटाने १९८८ मध्ये 'टॉकिन ऑल दॅट जॅझ' काढलं आणि त्याच्या बुडाशी लॉनी लिस्टन स्मिथच्या १९७५ च्या 'एक्स्पान्शन्स'ची बेसलाइन टाकली. युक्तिवाद साधा होता: ज्यांना लोक विसरले त्यांना आम्ही पुन्हा ऐकवतोय. पुढे काय झालं पाहा. १९९४ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या 'जूसी'ने घराघरांत पोचवलं ते एम्टुमेचंच १९८३ चं गाणं. आणि लॉनी लिस्टन स्मिथ १९९३ मध्ये गुरू या रॅपरच्या 'जॅझमटॅझ' या अल्बमवर स्वतः येऊन वाजवून गेला. बरोबर डोनाल्ड बर्ड, रॉय एअर्स, ब्रॅनफर्ड मार्सालिस हे जॅझवादक. ब्रॅनफर्डचाच भाऊ विंटन हा रॅपचा कडवा टीकाकार. एकाच घरात दोन्ही पक्ष.

गुरू आणि डीजे प्रीमियर म्हणजे गँग स्टार. त्यांनी १९८९ मध्येच 'अ नाइट इन ट्युनिशिया' या जॅझच्या जुन्या चीजेचा तुकडा घेऊन गाणं बांधलं होतं. पण सगळ्यांत मोलाचं काम झालं ते न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागात. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या गटाचा 'द लो एंड थिअरी' हा अल्बम २४ सप्टेंबर १९९१ रोजी आला. पहिलंच गाणं जॅझ ड्रमर आर्ट ब्लेकीच्या ताफ्याच्या एका रेकॉर्डीतल्या डबल बेसवर उभं आहे: नुसता बेस, आणि गटातला रॅपर क्यू-टिप सांगू लागतो की मी पोरवयात हिप हॉप ऐकायचो तेव्हा वडील म्हणायचे, हे तर बीबॉपसारखं (ही जॅझची एक जुनी तऱ्हा) वाटतंय, मी म्हणायचो, बाबा, सगळं फिरून येतंच. बोलणं जेवणाच्या टेबलावरचं वाटावं इतकं साधं. पण क्यू-टिपचे वडील तो मिसरूड फुटायच्या वयात असतानाच वारले होते. तबकड्या मागे राहिल्या. हे कळल्यावर त्या ओळी निराळ्या ऐकू येतात, निदान मला.

त्याच अल्बममध्ये एका गाण्यासाठी रॉन कार्टरला बोलावलं. साठच्या दशकातल्या माइल्स डेव्हिसच्या त्या प्रसिद्ध पंचकातला हा बेसवादक. शिवीगाळ नसेल तर येतो, ही त्याची अट, आणि ती मान्य झाली. दोन पिढ्यांमधला करार इतका सभ्य असू शकतो! अल्बम येऊन चार दिवस होतात तोच, २८ सप्टेंबरला, खुद्द माइल्स डेव्हिस गेला. शेवटच्या महिन्यांत तोही ईझी मो बी या निर्मात्याबरोबर हिप हॉपचा अल्बम करत होता. तो मरणोत्तर निघाला, चांगला नाही. ट्रम्पेट वर तरंगतं, ठेका खाली चालतो आणि दोघांची भेट होत नाही.

भेट होते ती कशी, हे तबल्याचा सोलो ऐकलेल्यांना चटकन कळेल. पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो. तीच ओळ, पुन्हा तीच ओळ, आणि तिच्या भरवशावर तबलजी कायदे-रेले मांडतो. लूपवर, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवलेल्या तुकड्यावर, रॅपर हेच करतो. पण लेहरा समेवर येऊन पुरा होतो, नवा फेरा सुरू करतो. जॅझच्या रेकॉर्डीतून कापलेला दोन आवर्तनांचा तुकडा बहुधा पुरा होत नाही. मूळ चीजेत ती ओळ पुढे कुठेतरी जाऊन टेकणार असते. कात्री त्याआधी चालते. त्यातले कॉर्डही सातवा, नववा स्वर मिसळलेले, धड सुखाचे नाहीत, धड दुःखाचे नाहीत. मग ते न टेकलेलं वाक्य चार मिनिटं फिरत राहतं आणि ऐकणारा ते मनातल्या मनात पुरं करत बसतो. हुरहूर म्हणतात ती हीच असावी. १९७० मध्ये अहमद जमालने वाजवलेल्या 'आय लव्ह म्युझिक'मधल्या पियानोचा असाच एक तुकडा पीट रॉकने उचलला आणि नास या रॅपरच्या 'द वर्ल्ड इज युअर्स'ला दिला. मूळ तुकडा जमालच्या वादनात सहज निघून जातो. लूपमध्ये तो निघून जात नाही.

मधल्या काळात या साऱ्याची फॅशन झाली. डिगेबल प्लॅनेट्स या रॅप गटाला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. लंडनच्या अस्थ्री या गटाला ब्लू नोट या जॅझ कंपनीने आपल्या जुन्या रेकॉर्डींचं कपाटच उघडून दिलं आणि हर्बी हॅनकॉकच्या चालीवरचं 'कॅन्टलूप' जगभर वाजलं. ऐकायला गोड, पण कॉफीच्या दुकानात शोभणारं. त्यात कुणाचा बाप हरवलेला नाही.

दार बंद केलं ते कोर्टाने. डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या निकालाची सुरुवातच 'चोरी करू नकोस' या बायबलमधल्या आज्ञेने केली. तिथून पुढे प्रत्येक तुकड्याची परवानगी आणि प्रत्येक परवानगीचे पैसे. एका गाण्यात दहा रेकॉर्डी कालवण्याचे दिवस संपले. एकच लूप परवडू लागला. डे ला सोल या गटाच्या जुन्या अल्बमांची कागदपत्रं तर इतकी गुंतली की ते ऑनलाइन ऐकायला मिळाले ते थेट मार्च २०२३ मध्ये, आणि त्याच्या तीन आठवडे आधी गटातला डेव्हिड जोलिकूर हे जग सोडून गेला होता.

नासकडे परत येतो, कारण त्याच्याकडे परवानगी मागायला कोर्ट नको होतं. त्याचे वडील ओलू डारा हे मिसिसिपीहून आलेले जॅझवादक. कॉर्नेट वाजवायचे, म्हणजे ट्रम्पेटचा धाकटा भाऊ. नास लहान असतानाच आईवडील विभक्त झाले आणि तो क्वीन्सब्रिजच्या सरकारी वसाहतीत आईपाशी वाढला. १९९४ च्या 'इलमॅटिक'मध्ये 'लाइफ्स अ बिच' हे गाणं आहे: वीस वर्षांचा मुलगा आपण इथवर जगलो याचंच नवल करतो. गाणं संपत येतं तेव्हा कॉर्नेट सुरू होतं. ते सॅम्पल नाही. वडील स्टुडिओत येऊन वाजवून गेलेत. शब्द थांबतात आणि सूर एकटाच, घाई न करता, पुढे जात राहतो. तबकडीच्या जागी बाप आलेला अख्ख्या प्रकारातला हा एक क्षण, आणि तो एका मिनिटाचाही नाही.

डेट्रॉइटच्या जे डिला या निर्मात्याच्या घरी गाणं दोन्ही बाजूंनी होतं. वडील जॅझ बेस वाजवायचे. यंत्र ठेका आपोआप सरळ करून देतं, पण तो मुद्दाम तसा सरळ ठेवायचा नाही. त्यामुळे त्याचा ठेका किंचित मागे रेंगाळतो, कधी पुढे झुकतो, मात्रा सांभाळून नशेत चालणाऱ्या माणसासारखा. ७ फेब्रुवारी २००६ रोजी, बत्तिसाव्या वाढदिवशी, त्याचा 'डोनट्स' आला. तीन दिवसांनी तो रक्ताच्या दुर्धर आजाराने गेला. त्याचं एमपीसी, म्हणजे ठेका बांधायचं सॅम्पलर यंत्र, आता वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

योगायोग असा की ७ फेब्रुवारी १९७४ याच दिवशी टोकियोत जुन सेबा जन्मला. नुजाबेस हे त्याचं कलेतलं नाव. शिबुयात त्याचं रेकॉर्डींचं दुकान होतं. २००४ च्या 'सामुराय चंप्लू' या जपानी कार्टून मालिकेतून त्याचं संगीत जगभरच्या मुलांपर्यंत गेलं, ज्यांनी ट्राइबचं नावही ऐकलं नव्हतं. फेब्रुवारी २०१० मध्ये रस्त्यावरच्या अपघातात तोही गेला, छत्तिसाव्या वर्षी.

आज अभ्यास करताना, झोप येत नसताना मुलं रात्रभर जे 'लो-फाय' लावून ठेवतात ते या दोघांच्या वाटेवरून आलेलं आहे. त्यात संथ पियानो असतो, रेंगाळणारा ठेका असतो आणि सुईची खरखर असते. रेकॉर्ड बहुतेकदा नसतेच. खरखर सॉफ्टवेअरमधून वरून टाकलेली असते, कमी-जास्त करायला बटणासकट. 'द लो एंड थिअरी' करताना बॉब पॉवर हा ध्वनिअभियंता क्यू-टिपने आणलेल्या तुकड्यांवरची तीच खरखर पुसून काढण्यात तासन्‌तास घालवत होता.