कृष्णाकाठची शरदातील मासेमारी

कृष्णाकाठची शरदातील मासेमारी : सातारा व सांगली जिल्ह्यांत पावसाळी पूर ओसरल्यापासून थंडी स्थिरावेपर्यंत कृष्णा, तिच्या उपनद्या आणि त्यांवरील जलाशयांत होणारी गोड्या पाण्यातील मासेमारी. हा काळ साधारणपणे भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून कार्तिक अखेरपर्यंतचा, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंतचा धरतात. काही जण फक्त आश्विन-कार्तिकच मोजतात. पाऊस लांबला तर तेच अधिक बरोबर ठरते. किनाऱ्यावर हंगामाला ठरलेली तारीख असते. राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या लोटतात. नदीचा हंगाम मात्र पाणी किती उतरले आणि किती निवळले यावर सुरू होतो.

नदीची स्थिती : कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते आणि वाईवरून खाली उतरते. माहुलीला वेण्णा, उंब्रजला तारळी, कराडला कोयना, ब्रह्मनाळजवळ येरळा आणि हरिपूरला वारणा तिला मिळते. येरळा सोडली तर या सगळ्या सह्याद्रीच्या ओल्या बाजूच्या नद्या आहेत, त्यामुळे मुख्य पूर जुलै-ऑगस्टचा. धोम, कण्हेर, उरमोडी, कोयना व वारणा या धरणांचे दरवाजे सप्टेंबरमध्ये एकेक करून बंद होतात. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी तिथे ५७ फुटांवर गेले होते. अशा मोठ्या पुरानंतर पात्रात बाभळीच्या फांद्या, तारा, मोटारींचे पाइप आणि गाळ भरपूर राहतो आणि पहिले काही आठवडे तळाशी जाळे ओढणे म्हणजे ते फाडून घेणेच असते.

हंगामाचे खरे दोन भाग पडतात ते कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांमुळे. पावसाळ्यापूर्वी या बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढून ठेवतात आणि पाऊस सरल्यावर, बहुधा ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास, ते पुन्हा घालतात. बर्गे पडेपर्यंत नदी वाहती असते. त्यानंतर नागठाणे, डिग्रज, सांगली, म्हैसाळ अशा बंधाऱ्यांमागे फुगवटा चढतो आणि नदी एकापाठोपाठ एक अशा लांबट तळ्यांची होते. मासा तोच असला तरी त्याची जागा, वेळ आणि त्याला धरायचे साधन इथून बदलते. मासेमारीच्या सरकारी वर्णनांत ही विभागणी क्वचितच दिसते. पूर्वार्धात मिळणारी मासळी आणि उत्तरार्धातील मासळी यांत फरक का, हे मात्र तिच्यावाचून समजत नाही.

पूर्वार्ध, वाहते पाणी : पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर गेलेले, म्हणजे चढणीचे मासे या काळात ओढे, ओघळ व भातखाचरांतून परत मोठ्या पात्राकडे येतात. पाटण, जावळी व शिराळा तालुक्यांत खाचरांचे पाणी सोडताना बांधाच्या तोंडाशी कामट्यांचा पिंजरा लावतात. चढणीला पिंजऱ्याचे तोंड प्रवाहाच्या खालच्या बाजूला असते, तर उतरत्या पाण्यात ते वरच्या बाजूला ठेवावे लागते. नवख्याची इथेच चूक होते आणि पिंजरा रात्रभर रिकामा राहतो. आतल्या उलट्या कामट्यांची टोके एकमेकांपासून बोटभर अंतरावर हवीत. जास्त जवळ आली तर वाम शिरत नाही, जास्त फाकली तर शिरलेली परत निघते. शेजारच्या बांधाला पाझर असेल तर पाणी पिंजऱ्यातून न जाता बाजूने जाते, म्हणून आधी चिखल-गवताने तो बुजवतात. यात वाम, मुरी, लहान मासळी आणि खेकडे मिळतात.

मोठ्या पात्रात या दिवसांत फेकजाळे चालते. ते शंकूच्या आकाराचे असून त्याची उंची तीन ते चार मीटर आणि घेराला शिशाचे मणी असतात. भिजल्याशिवायचे वजन तीन ते पाच किलो भरते. पाणी गढूळ असते तोवर मासा काठाला येतो आणि जाळे दिसत नसल्याने बुजत नाही. त्यामुळे गुडघाभर ते छातीभर पाण्यात, वळणाच्या आतल्या बाजूला फेक साधते. कोपर खाली पडला की जाळे गोल न उघडता लांबट पडते आणि मासा उघड्या बाजूने निसटतो. मणी तळाला टेकेपर्यंत दोरी सैल ठेवायची, मग हळू ओढायची, म्हणजे घेर तळाला घासतच मिटत येतो. घाई केली तर कड उचलली जाते. दगडी तळावर, उदा. वाई ते माहुली या टप्प्यात, मणी खाचेत अडकून आस (जाळ्याची घरे) तुटतात. तिथे गळच बरा.

तळाच्या माशांसाठी दावण घालतात. जाड दोरीला दीड ते दोन मीटरवर एकेक फूटदीड-फूट लांबीचा तंगुसाचा (नायलॉनच्या एकेरी धाग्याचा) फाटा आणि त्याला गळ, अशा एका दावणीला पन्नास ते शंभर गळ येतात. दोन फाट्यांमधले अंतर फाट्याच्या लांबीच्या दुपटीहून जास्त हवे. नाहीतर शेजारचे दोन मासे एकमेकांभोवती फिरून सगळी दावण गुंतवतात. आमिष म्हणून गांडूळ, लहान मासळीचे तुकडे किंवा कोंबडीची आतडी लावतात. शिंगटा, शिवडा व वाम रात्री चरतात, म्हणून दावण तिन्हीसांजेला सोडून उजाडण्यापूर्वी काढतात. उशीर झाला तर गळाला नुसती डोकी उरतात, कारण कासवे व खेकडे बाकीचे नेतात.

उत्तरार्ध, साचते पाणी : बर्गे पडल्यावर पाणी निवळते आणि उभ्या कल्लेजाळ्याचा काळ सुरू होतो. तंगुसाचे धागे ०.२० मिमीच्या आसपास असले तर नितळ पाण्यात कमी दिसतात. आस ताणून गाठीपासून गाठीपर्यंत मोजतात. आसाचा परीघ माशाच्या सर्वात जाड भागाच्या घेरापेक्षा थोडा कमी हवा, म्हणजे मासा डोके घालतो, पुढे जात नाही आणि मागे येताना कल्ल्यांत अडकतो. शंभर मिमी आसाचा परीघ दोनशे मिमी. त्यात सुमारे अडीचशे मिमी घेराचा, म्हणजे किलोच्या आसपासचा रोहू बसतो. कटल्याचे डोके मोठे असल्याने हे गणित त्याला लागू पडत नाही. तो कल्ल्यांत अडकण्यापेक्षा जबड्याने गुंतून सापडतो.

जाळे दोरीवर चढवतानाचे प्रमाण याहूनही जास्त बिघडते. शंभर मीटर ताणलेले जाळे पन्नास मीटर दोरीवर बसवले म्हणजे आस उभट शंकरपाळ्यासारखे उघडे राहतात. दोरी वाचवायची म्हणून चाळीस मीटरवर बसवले तर जाळे ढिले पडून मासा कल्ल्यांऐवजी सगळ्या अंगाने गुंडाळला जातो. तो सुटत नाही हे खरे, पण सोडवताना खवले निघतात, जाळे कापावे लागते आणि बाजारात भाव पडतो. वरच्या दोरीला थर्माकोलचे तुकडे किंवा बाटल्या, खालच्या दोरीला शिसे. जाळे काठाला समांतर न घालता काठापासून तिरपे खोल पाण्याकडे नेतात, कारण मासा संध्याकाळी उथळात येताना आणि पहाटे परतताना काठाच्या रेषेनेच फिरतो. जाळे टाकायला पूर्वी होडी किंवा सांगड, पुराच्या वेळी गुळाची काहीलसुद्धा वापरात असे. आता ट्रकची ट्यूब व थर्माकोलचा तराफा सर्रास दिसतो.

ऑक्टोबरच्या उन्हाळीत पाणी कोमट असते आणि जाळ्यात मेलेला मासा चार-पाच तासांत मऊ पडतो. म्हणून कोजागिरीच्या सुमारास रात्रीतून दोनदा जाळे पाहतात, दिवाळीनंतर एकदा पाहिले तरी चालते. कोजागिरीला मासा कमी लागतो, अमावास्येला जास्त, हा भोई मंडळींचा अनुभव नितळ पाणी आणि चांदणे यांच्याशी जुळतो. काठावरून गळ टाकणारे कणीक, भिजवलेली शेंगदाणा पेंड किंवा गांडूळ वापरतात. कणकेत पिंजलेला कापूस मळला तर ती पाण्यात लवकर विरघळत नाही. मरळीसाठी मात्र जिवंत लहान मासळी लागते, आणि तीही केंदाळाच्या (जलपर्णीच्या) कडेला.

पूर्वेकडील भाग : खटाव, माण, आटपाडी, कवठेमहांकाळ व जत या तालुक्यांत परतीचा पाऊस, विशेषतः हस्त व चित्रा नक्षत्रांतला, हाच मुख्य पाऊस. पश्चिमेला नदी निवळत असते तेव्हा इकडे येरळा, अग्रणी व माणगंगा कुठे वाहू लागतात. नेर, मायणी, राजेवाडी अशा जुन्या तलावांत तेव्हाच पाणी भरते आणि मासेमारी पुढे उन्हाळ्याकडे सरकते.

मासळी : बाजारात आज कटला, रोहू, मृगळ, सिप्रनस व चिलापी जास्त असतात. चिलापीची मोझांबिक जात भारतात १९५२ मध्ये आणि सिप्रनसची बँकॉक जात १९५७ मध्ये आली. जलाशयांत मत्स्यबोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडतात ती मुख्यतः कटला-रोहू-मृगळाची. रोहू व मृगळ इथे सोडलेलेच, याबद्दल फारसा वाद नाही. कटल्याची दक्षिण सीमा मात्र काही जुन्या नोंदींत कृष्णेपर्यंत दिलेली आढळते. आज दिसणारा कटला बीजातून आलेला आहे असे धरणेच सुरक्षित. मूळच्या माशांत मरळ, शिंगटा, शिवडा, वाम, अहेर, तांबीर, कोळशी आणि महसीर येतात. तुंबडीसारखे नाक असलेला नुक्टा मुख्यतः कृष्णा खोऱ्यातलाच. तो आता संकटग्रस्त मानला जातो.

महसीरच्या जुन्या नोंदी वाचताना नावांचा घोळ ध्यानात ठेवावा लागतो. विल्यम हेन्री साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांत खुद्री आणि मुसुल्ला ही दोन नावे आहेत. खुद्रीचा नमुना पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेतला, मुसुल्लाचा शिरूरजवळच्या घोड नदीतला. वर्णने त्रोटक असल्याने पुढे मुसुल्ला म्हणजे नेमका कोण, यावर मतभेद झाले. सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात दख्खनच्या महसीरांचा विचार करताना मुसुल्ला हा स्वतंत्र महसीर धरला आणि नंतर हेच नाव कावेरीतल्या कुबडाच्या महसीरलाही चिकटले. २०१३ च्या सुमारास झालेल्या फेरतपासणीत साइक्सचा मुसुल्ला महसीर नसून कोळशीच्या प्रजातीगणातला (हिप्सेलोबार्बस) आहे असे मांडले गेले. कुबडाचा महसीर टोर रेमादेवी आहे असे २०१८ मध्ये दाखवण्यात आले. हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. त्यामुळे कृष्णा-कोयनेतील जुन्या यादीत 'मुसुल्ला' दिसला तर त्यावरून महसीरच्या दोन जाती होत्या असे अनुमान काढता येत नाही. खात्रीने सांगता येते ती एक खुद्रीच. तिचे कृत्रिम प्रजनन लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकापासून होत आले आहे. पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या या माशाच्या माद्या सप्टेंबरातही गाभोळीने भरलेल्या सापडू शकतात. जाणकार त्या सोडून देतात.

अडचणी : केंदाळ साचल्यावर कल्लेजाळे वाऱ्याच्या दिशेने ओढले जाऊन दोरीसकट गुंडाळते, म्हणून वारा पडल्याशिवाय ते टाकत नाहीत. कराडच्या खाली कोयना धरणाच्या पायथा वीजगृहाचे पाणीही लक्षात घ्यावे लागते. एक संच चालू झाला की १०५० क्युसेक, दोन झाले की २१०० क्युसेक पाणी नदीत येते. काठाशी बांधलेले जाळे अशा वेळी उखडते, आणि पाणी बंद झाल्यावर कोरड्यात लटकते. सांगली जिल्ह्यात पलूस ते सांगली या पट्ट्यात मगरींचा वावर असून त्या जाळ्यातला मासा जाळ्यासकट फाडून नेतात. मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पूर्ण संरक्षित आहे. नोव्हेंबरात त्या उन्हाला काठावर येऊ लागतात, तेव्हा छातीभर पाण्यात उभे राहून फेकजाळे टाकणे बंद करतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम याच सुमारास सुरू होतो. मळीमिश्रित सांडपाणी साचल्या पाण्यात आले तर विरघळलेला प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून दिसतात. तेव्हा मासा हातानेही सापडतो. तो विकण्याजोगा मात्र नसतो.

विक्री व निर्बंध : नवरात्रात मागणी पडते, दसऱ्यानंतर चढते. त्याच वेळी कुंभार्ली व आंबा घाटांतून कोकणचा बांगडा स्वस्त येऊ लागतो, त्यामुळे नदीच्या किरकोळ मासळीला भाव राहत नाही. वाम व मरळ यांना त्याचा फरक पडत नाही. मासा व बर्फ समान वजनाने भरतात. जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मासेमारीवर वनखात्याचे निर्बंध आहेत. जिलेटिनचे स्फोट आणि विष यांना कायद्याने मनाई आहे. डोंगराळ भागात पूर्वी गेळ्याची फळे ठेचून डबऱ्यांत टाकत, तेही याच मनाईत येते.