एए मीटिंग

दारू सोडू इच्छिणारी आणि सोडलेली टिकवू पाहणारी माणसे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी एकत्र बसतात, ती एए मीटिंग. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ (एए) ही फेलोशिप, म्हणजे एकमेकांना साथ देणाऱ्यांचा समूह, १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात एक शेअरदलाल आणि एक सर्जन यांच्या भेटीतून सुरू झाली. हे दोघेही मद्यपाशी, म्हणजे दारूच्या पाशात अडकलेले, होते. भारतात ती १९५७ मध्ये आली. सभासद होण्यासाठी दारू थांबवण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. फी नाही, अर्ज नाही, आडनावही सांगावे लागत नाही.

रोज सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घेणाऱ्याने मात्र मीटिंगच्या भरवशावर दारू एकदम तोडू नये. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम आणि भास सुरू झाले तर जिवावर बेतते. अशा व्यक्तीने आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली शरीरातील दारू उतरवून घ्यावी. मीटिंग त्याच्या बरोबरीने किंवा त्यानंतर.

ग्रुप शोधण्यासाठी एए इंडियाचे संकेतस्थळ आणि शहरातील एएचा हेल्पलाइन क्रमांक हे सरळ मार्ग आहेत. सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि व्यसनमुक्ती केंद्रांनाही जवळचे ग्रुप बहुधा माहीत असतात. केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क व्यसनमुक्ती हेल्पलाइन उपचारकेंद्राची माहिती देते. मीटिंगची जागा बहुतेक वेळा उसनी असते, म्हणजे शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल. परीक्षा, निवडणूक, सुट्टी यांत ती हातची जाते, म्हणून यादीतला पत्ता जुना असू शकतो. निघण्यापूर्वी त्याच दिवशी फोन करावा आणि तीन गोष्टी विचाराव्यात: भाषा कोणती, मीटिंग खुली आहे की बंद, आणि संपते किती वाजता. शेवटचा प्रश्न खेड्यातून तालुक्याला येणाऱ्यासाठी फार महत्त्वाचा, कारण रात्रीची मीटिंग सुटेपर्यंत शेवटची एसटी गेलेली असू शकते. खुल्या मीटिंगला घरचे, विद्यार्थी, समाजसेवक कोणीही बसू शकते. बंद मीटिंग फक्त ज्याला स्वतःला दारूचा प्रश्न आहे त्याच्यासाठी. पत्नी, आईवडील, भावंडांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी फेलोशिप आहे, आणि पिणारा येवो न येवो, घरच्यांनी तिकडे जावे.

पत्ता मिळाला तरी पहिली मीटिंग हुकण्याचा धोका सर्वांत मोठा. माणूस फाटकापर्यंत येतो आणि परत फिरतो. म्हणून फोनवर स्पष्ट विचारावे, ‘मला घ्यायला कोणी येईल का?’ दारूपासून दूर राहण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा पायऱ्यांपैकी शेवटच्या, बाराव्या पायरीत असे जाणे हे जुन्या सभासदाचे काम मानले आहे. तो शक्यतो एकटा न जाता जोडीने जातो. पत्त्याची चिठ्ठी हातात देऊन मोकळ्या होणाऱ्या डॉक्टरांनी याचा विचार करायला हवा. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या पुनरावलोकनात २७ अभ्यास तपासले गेले. रुग्णाला ठरावीक पद्धतीने एएशी जोडून देणारे उपचार अखंड मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. येथे जोर जोडून देण्यावर आहे.

मीटिंग साधारण तास-दीड तास चालते. सुरुवातीला प्रास्ताविक व पायऱ्यांचे वाचन, मग शेअरिंग, शेवटी प्रार्थना. नाव सांगून ‘मी मद्यपाशी’ असे म्हणत बोलायची रीत आहे, पण नुसते ऐकले तरी चालते. मध्येच कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. खर्चासाठी फिरवल्या जाणाऱ्या वर्गणीत नव्या माणसाने काही टाकावे अशी अपेक्षा नसते. बाहेरच्या देणग्या फेलोशिप घेत नाही. देवाचा उल्लेख येतो, तो ‘आपल्याला उमगलेला’ देव. नास्तिक सभासद ग्रुपलाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात आणि वर्षानुवर्षे टिकतात.

नवे लोक गळतात ते बहुधा तुलनेमुळे. ‘याची नोकरी गेली, माझी आहे, म्हणजे मी त्यातला नाही’ असा हिशेब पहिल्याच दिवशी मांडला जातो. ऐकताना फरक न शोधता साम्य शोधावे, आणि किमान सहा मीटिंगा, जमल्यास दोन-तीन वेगवेगळ्या ग्रुपमध्ये, बसल्याशिवाय मत बनवू नये. दुसरी चूक म्हणजे प्रार्थना संपताच निघून जाणे. फोन नंबर मिळतात ते नंतरच्या चहात, आणि रात्री अकराला तलफ आली की तोच नंबर कामी येतो. स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांवर सोबत करणारा जुना सभासद, शक्यतो स्वतःच्याच लिंगाचा निवडावा. बाईला ग्रुपमध्ये एकटे वाटत असेल तर स्त्रियांची मीटिंग कुठे आहे ते विचारावे. जवळ नसेल तर ऑनलाइन मीटिंगचा पर्याय असतो.

मानसोपचाराच्या गोळ्या बंद कर असे कोणी सभासद सांगू लागला, तर ते त्याचे खासगी मत समजावे. औषधाविषयी एएची भूमिका नाही, तो निर्णय डॉक्टरांचा. स्लिप झाली, पुन्हा प्यायलो, म्हणून लाजेने महिना-महिना न येणारे पुष्कळ आहेत. पिऊन आलेल्यालाही सहसा हाकलत नाहीत. शांत बसून ऐकायला सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याला फोन करतात.