पिकलेल्या मोतीबिंदूमागचा रक्तप्रवाह

कुडाळ-सावंतवाडीकडे मोतीबिंदू पार पिकल्यावर डोळे दाखवायला येणारे आजी-आजोबा आजही भेटतात. लावणी होऊ दे, गणपती होऊ देत, आंबा उतरू दे, असं करत डोळा मागे पडतो. बाहुली पांढरी झाली की डॉक्टरांच्या बॅटरीचा उजेड आत पोचतच नाही. मागचा पडदा शाबूत आहे का, त्याला रक्त मिळतंय का, हे मग सोनोग्राफीनेच बघावं लागतं.

डोळ्यातलं रक्त बघायची जुनी साधनं उजेडावरच चालत. 1851 मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी ऑप्थॅल्मोस्कोप, म्हणजे बाहुलीतून उजेड टाकून मागचा पडदा बघायचं साधन, जगापुढे आणला. 1961 मध्ये नोव्होत्नी आणि आल्विस यांनी शिरेत फ्लोरेसिन हा चमकणारा रंग टोचून पडद्याचे फोटो काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दोन्ही उत्तम, पण भिंग गढूळ झालं की निरुपयोगी.

ध्वनिलहरींना ही अडचण नव्हती. 1956 मध्ये मुंट आणि ह्यूज यांनी त्या डोळ्यासाठी वापरल्या, 1958 मध्ये बाउम आणि ग्रीनवुड यांनी डोळ्याचा आडवा छेद दाखवला. रचना दिसली, प्रवाह मात्र नाही. त्याची किल्ली 1842 पासून पडून होती: डॉप्लर यांनी ताऱ्यांच्या रंगासाठी मांडलेला नियम, की वस्तू जवळ येते की लांब जाते त्यानुसार तिच्याकडून येणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते. 1950 च्या दशकात जपानमध्ये सातोमुरा यांनी तो हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना लावला. डोळ्याच्या खोबणीपर्यंत कलर डॉप्लर, म्हणजे प्रवाहाची दिशा लाल-निळ्या रंगात दाखवणारी सोनोग्राफी, पोचायला मात्र 1980 चं दशक सरत आलं.

तपासणी साधी दिसते. मिटल्या पापणीवर जेल, त्यावर प्रोब अलगद टेकवायचा. दाबला तर डोळ्यातला दाब वाढतो आणि प्रवाहच बदलतो. स्क्रीनवर नेत्रनाडीच्या, म्हणजे दृष्टीच्या मज्जातंतूच्या, काळ्या पट्ट्यात पडद्याला रक्त देणारी लाल धमनी आणि तिला खेटून निळी शीर दिसते. ही धमनी इतकी बारीक की तिची रुंदी मोजता येत नाही, म्हणून किती रक्त गेलं ते कळत नाही, वेग तेवढा कळतो: सेकंदाला साधारण 10 सेंटिमीटर. मला सगळ्यात मोलाची वाटते ती खोबणीतली मोठी नेत्रधमनी. मानेतली आतली कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी धमनी, फार तुंबली तर हिच्यातला प्रवाह उलटा फिरतो, कारण रक्त चेहऱ्याच्या वाटेने येऊ लागतं. डोळा तपासताना पॅरालिसिसचा धोका असा हाती लागू शकतो.

तालुक्याला ही तपासणी होते ती बहुधा साध्या सोनोग्राफी सेंटरात. गर्भलिंग निदानाचा बोर्ड वाचून आजी विचारते, ‘आमचा हंय काय काम?’ तिला समजावून सांगावं, आणि मशीन डोळ्याच्या सेटिंगवर आहे ना, तेही बघावं. अमेरिकी नियमांत डोळ्यासाठी ध्वनिलहरींच्या तीव्रतेची मर्यादा गर्भासाठीच्या मर्यादेपेक्षाही बरीच कमी आहे.