इटालियन बीफ आणि ‘ग्रेव्ही’चा घोळ

इटालियन बीफ हे शिकागोचं सँडविच: पावात बीफचे पातळ काप आणि त्यांचाच रस. ते विकणाऱ्या टपरीवर, म्हणजे बीफ स्टँडवर, मांसाबद्दल कुणी काही विचारत नाही. विचारतात ते रश्श्याबद्दल: ड्राय, वेट की डिप्ड? ड्राय म्हणजे काप निथळून पावात भरायचे. वेट म्हणजे वरून पळीभर रस. डिप्ड म्हणजे भरलेला पाव चिमट्यात धरून अख्खाच्या अख्खा रसात बुडवायचा. पुढचा प्रश्न ‘हॉट की स्वीट’. हॉट म्हणजे जार्डिनेरा, मिरची-सेलरी-गाजर-फ्लॉवरचं तेलातलं झणझणीत लोणचं. स्वीट म्हणजे भाजलेली हिरवी ढोबळी मिरची.

या सगळ्याचं मूळ टंचाईत आहे. १८६५ साली शिकागोत गुरांचा प्रचंड बाजार आणि कत्तलखाने उभे राहिले. तिथे आणि आसपास राबणाऱ्या इटालियन स्थलांतरितांच्या वाट्याला मागच्या पायाचं चिवट, स्वस्त मांस यायचं. ते लसूण-ओरेगॅनोच्या पाण्यात सावकाश भाजलं, कागदासारखं पातळ कापलं आणि त्याच पाण्यात भिजवलं की थोडक्या मांसात लग्नाची पंगत उठायची. महामंदीच्या काळात ते स्टँडवर विकलं जाऊ लागलं. पहिलं कुणी केलं यावर दोन-तीन घराण्यांचे दावे आहेत. मला त्या वादात तथ्य वाटत नाही. पंगतीत घडलेला पदार्थ एकट्या कुणाचा नसतो.

घरी करणाऱ्याला नडतो तो ‘ग्रेव्ही’ हा शब्द. शिकागोचे जुने लोक या रसाला ग्रेव्ही म्हणतात. बाकीच्या अमेरिकेत ग्रेव्ही म्हणजे भाजलेल्या मांसाचा रस मैदा लावून दाट केलेला. अमेरिकेतल्या बऱ्याच इटालियन घरांत तोच शब्द रविवारी तासन्‌तास शिजणाऱ्या टोमॅटोच्या सॉससाठी वापरतात. आणि आपण ग्रेव्ही म्हटलं की डोळ्यांपुढे कांदा-टोमॅटोचं, काजूचं वाटण येतं. एकच शब्द, चार पातेली. मी पहिल्या खेपेला ग्रेव्ही आहे म्हणून चमचाभर कॉर्नफ्लोअर लावलं. रस पावावर साय धरल्यासारखा बसून राहिला, आत मुरलाच नाही. पाव उघडून पाहिला तर आतला गर कोरडा होता.

त्यावर कडी म्हणजे अशा रसाचं दुसरं नाव, ‘ओ ज्यू’. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थच ‘रसासकट’ असा. तरी मेनूकार्डांवर ‘विथ ओ ज्यू’ छापतात, म्हणजे रसासकटसह. हा शब्द लॉस एंजेलिसच्या फ्रेंच डिपबरोबर जास्त ऐकू येतो. ते वेगळं सँडविच आहे. त्यात ना ओरेगॅनो, ना जार्डिनेरा. तिथेही १९०८ सालच्या दोन खानावळी पहिलेपणावरून भांडत आल्या.

आपल्याकडे या रसाच्या सर्वांत जवळचा शब्द आहे अळणी. मटण शिजल्यावर, तांबड्या रश्श्याचं वाटण पडण्याआधी, पातेल्यात असतं ते पातळ पाणी. (मीठ घातलेलं असलं तरी नाव अळणीच.) पाककृतीत ‘ग्रेव्ही’ दिसलं की मनात ‘अळणी’ वाचावं, निम्मी चूक टळते.

उरलेली निम्मी चूक अलीकडची आहे. १९७१ साली शिकागोचा गुरांचा बाजार बंद झाला आणि त्याच वर्षी आजच्या रूपातला स्लो कुकर अमेरिकेच्या बाजारात आला. मग घरोघरी मांसाचा गोळा, मिरचीच्या लोणच्याची बाटली पाण्यासकट आणि आठ तास, असं ‘इटालियन बीफ’ रूढ झालं. शेवटी दोन काट्यांनी मांस पिंजायचं. २०२२ साली शिकागोतल्या अशाच एका सँडविचच्या दुकानाभोवती फिरणारी मालिका गाजली आणि घरगुती पाककृतींचा पूर आला. त्यातही पिंजलेलं मांस भरपूर. चवीला ते वाईट नसतं, पण त्याला हे नाव देऊ नये. पिंजलेलं मांस रस पिऊन लगदा होतं. पातळ काप घडीघडीत रस धरतो आणि दाताखाली काप म्हणून लागतो.

घरी काप करायचं यंत्र नसतं, म्हणून मांस आतून साठ अंशांच्या आसपास आलं की काढून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं, मग तासभर फ्रीझरमध्ये कडक करावं आणि धारदार सुरीने रेषांच्या आडवं कापावं. रस गरम हवा, पण उकळता नको, नाहीतर काप आखडतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाचं मांसही बंद आहे, तेव्हा तिथे हे म्हशीच्या मांसाचंच होणार. त्याला थोडा जास्त वेळ द्यावा. लादीपाव बुडवताच विरघळतो. गोव्यातला कडक पापुद्र्याचा उंडा मात्र टिकतो.

बुडवलेलं सँडविच ताटात ठेवून थांबायचं नाही. शिकागोत कोपरं काउंटरवर टेकून, पाय मागे घेऊन, वाकून खातात, म्हणजे रस शर्टावर न गळता कागदावर पडतो. घरी ओटा त्याच उंचीचा असतो.